खर्जाची तजवीज

एकादशीच्या भजनास प्रारंभ होण्यापूर्वी पखवाजी परातीतील कणकेला पाण्याचा हात लावतो, तिचा गोळा डाव्या पुडावर थापतो, अंगठ्याने त्याची कड दाबतो, दोन थापा मारून कान देतो, आणि मनाजोगता घुमारा येईना तर चिमूटभर कणीक काढतो किंवा चढवतो, हे दृश्य खानापूर तालुक्यात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेले असते. वाद्याच्या कंप पावणाऱ्या अंगास वजन दिले म्हणजे त्याचे कंपन मंदावते आणि स्वर खाली उतरतो, हा ध्वनिशास्त्रातील मूलभूत नियम त्या गोळ्यात साठवलेला आहे. आणि बेस गिटारच्या पोलादी तारेवर निकेलचा वेढा चढवून ती जाड दोरीसारखी दिसू लागेपर्यंत जड करणारा कारखानदार याच नियमाच्या आधाराने चालत असतो. सबब, बेस गिटार हे वाद्य परके असले तरी त्यामागील गरज आमच्या मुलखाला परकी नाही, एवढे आरंभीच नमूद करून मग विट्यातील तरुण मंडळी ज्या प्रश्नासाठी माझ्याकडे येतात त्याचा आढावा घेणे सोयीचे होईल.

हा प्रश्न बहुधा दोनच शब्दांत येतो : ‘कोणती घेऊ?’ विट्यातील ऑर्केस्ट्रा, बँजो पार्ट्या, महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतील वाद्यवृंद, यांत खालच्या स्वरांचे काम आजवर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे असे. आता कोठे कोठे बेस गिटार दिसू लागली आहे, आणि ती घेऊ पाहणाऱ्याचे सारे लक्ष नाममुद्रेवर व किमतीवर खिळलेले असते. माझे मत, जे मी पुढे सविस्तर मांडणार आहे, ते असे की या व्यवहाराचे खरेदी, जुळणी आणि फेरफार असे जे तीन भाग पडतात, त्यांपैकी मधल्या भागाकडे आपल्याकडे जवळजवळ दुर्लक्ष होते, आणि वाद्याचे वाद्यपण तर त्या मधल्या भागातच ठरते. तिसरा भाग, म्हणजे फेरफार, हा दुसरा भाग पूर्ण झाल्यावर कानाने काही मागितले तरच हाती घ्यावा. त्याआधी घेतला तर तो पैशांचा अपव्यय होय.

इतिहासाची गोष्ट थोडक्यात आटोपतो. अमेरिकेतील सिएटल शहरी पॉल टटमार्क यांनी 1930 च्या दशकात पडदे असलेली, आडवी धरून वाजवण्याची विजेवरील बेस तयार केली होती. परंतु ती लोकांत रुजली नाही. 1951 साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी जी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली तिने मात्र उभ्या, माणसाएवढ्या डबल बेसची जागा घेण्यास सुरुवात केली. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकता. डबल बेसच्या मानेवर पडदे नसतात, बोट केसभर इकडेतिकडे झाले की स्वर हलतो, आणि फेंडर यांनी मानेवर 20 पडदे बसवून ती धास्तीच काढून टाकली, म्हणून हे नाव. नटापासून, म्हणजे मानेच्या डोक्याकडील खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत तारेची लांबी 34 इंच, चार तारा, ई, ए, डी, जी अशी जुळणी, हा त्या वेळी घातलेला शिरस्ता आजतागायत बिनतक्रार चालू आहे. 1957 मध्ये त्याच वाद्यात दुभंगलेल्या वेटोळ्याचा पिकअप आला, 1960 मध्ये निमुळत्या मानेची, दोन पिकअपांची ‘जॅझ बेस’ निघाली, आणि आज बाजारात जी शेकडो मॉडेले दिसतात त्यांतील बहुतेकांची वंशावळ या दोहोंपैकी एकीपाशी जाऊन पोचते. आमच्याकडे हे वाद्य मुंबईच्या चित्रपटसंगीतातून कानावर आले; राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे नाव यासंदर्भात आदराने घेतले पाहिजे, कारण त्यांची बेस ज्यांनी रेडिओवर ऐकली त्या लाखो लोकांस आपण बेस गिटार ऐकत आहोत हे ठाऊकही नव्हते, आणि तरीही ते गाणे गुणगुणताना तो खालचा चढउतार नकळत त्यांच्या ओठांवर येई.

आता मिरजेकडे वळतो. कारण तंतुवाद्याची जुळणी म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी विट्याच्या माणसाला कॅलिफोर्नियास जाण्याचे प्रयोजन नाही, तासगावावरून मिरजेची एस.टी. धरली म्हणजे पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या अमदानीत, शस्त्रांना धार व झळाळी देण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी मिरजेत सतारी व तंबोरे करण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून ही विद्या त्या घराण्यांत अखंड चालत आलेली आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत वाढलेले प्रचंड भोपळे, तून जातीचे लाकूड, हाडाच्या घोड्या, असा सारा जिन्नस जमवून येथे जी वाद्ये होतात ती देशभर जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी याच गावी विष्णु दिगंबर पलुसकरांना विद्या दिली, अब्दुल करीम खाँसाहेबांनी येथेच वास्तव्य केले. अशा कानांची पारख ज्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागली त्यांच्या हाताला सूक्ष्मतेची सवय लागली नसती तरच नवल.

त्या सूक्ष्मतेचे नाव जवारी. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला अत्यंत मंद असा उतार दिलेला असतो, आणि कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकत-सुटत राहते, त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरच्या स्वरांची एक सळसळती रांग उभी राहते. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून ती टेकण्याची जागा केसाच्या अंतराने पुढेमागे करतात. धागा योग्य ठिकाणी आला की मंदावलेली तार एकाएकी खुलते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली या घोडीचा अभ्यास करून दाखवले होते की, तार जेथे छेडली तेथे शून्य बिंदू असणारे स्वर उमटू नयेत असा जो युरोपीय शास्त्रज्ञांनी सांगितलेला नियम, तो तंबोऱ्यास लागू पडत नाही. ते स्वरही येथे स्पष्ट ऐकू येतात. सुतारकाम, कोरीवकाम, रंगकाम सर्व पुरे झाले तरी जवारी निघेपर्यंत मिरजेचा कारागीर तंबोरा तयार झाला असे म्हणत नाही, आणि वापराने घोडी झिजली म्हणजे तेच वाद्य पुन्हा त्याच्या मांडीवर येते. वाद्य विकत घेतले म्हणजे व्यवहार संपला, ही कल्पनाच त्या गल्लीत नाही. बेस गिटार घेणाऱ्याने मिरजेकडून पहिली गोष्ट घ्यावयाची ती ही.

खरेदीविषयी आता. आमच्या भागाची एक सोय आहे, जी इतर तालुक्यांस सहसा नसते : गलाई व्यवसायाच्या निमित्ताने विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसे हिंदुस्थानातील जवळपास प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्या टाकून बसलेली आहेत, आणि त्यामुळे मुंबईत धोबी तलावावर 1865 पासून चालत आलेली फुर्ताडोंची पेढी असो, की दक्षिणेतील एखादे दुकान असो, वाद्य प्रत्यक्ष पाहून घेणारा कोणीतरी मामा किंवा मावसभाऊ आपल्यास लाभतो. माझी पहिली बेस अशीच एका मावसभावाच्या हस्ते आली. तो सोन्याचा कस डोळे मिटून सांगणारा माणूस. पण वाद्यात काय पाहावयाचे हे मी त्यास सांगितले नव्हते, आणि दुकानदाराने, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, चकाकता रंग दाखवून जे वाद्य त्याच्या गळ्यात घातले त्याच्या मानेतील ट्रस रॉडचा, म्हणजे मान सरळ धरणाऱ्या सळईचा, नट आधीच शेवटपर्यंत पिळून संपलेला होता. मान पुढे वाकलेली, आणि ती सरळ करण्यास वाव उरलेला नाही; असे वाद्य म्हणजे खुंटी फिरेनाशी झालेला तंबोरा. दोष माझा होता, कारण पारख सांगणे माझे काम होते.

ती पारख अशी. सुतार रंधा मारल्यावर फळी डोळ्यासमोर धरून तिच्या काठावरून नजर टाकतो, तशी गिटार डोक्याच्या बाजूने डोळ्यास लावून मानेच्या दोन्ही कडा पाहाव्यात. पुढे किंचित बाक असणे योग्यच, पण एक कड वर व दुसरी खाली असा पीळ पडलेला असेल तर ते वाद्य कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण पीळ काढण्याचे हत्यार सामान्य वादकाजवळ नसते. मग ट्रस रॉडची किल्ली मागून घेऊन तो दोन्ही दिशांनी थोडाथोडा फिरतो याची खातरजमा करावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून पाहावा. एखाद्याच पडद्यावर स्वर दबत असेल तर त्याच्या पुढचा, ब्रिजकडचा पडदा वर उचलला गेला आहे किंवा तो पडदाच झिजला आहे. मान जेथे अंगास जोडलेली असते तेथे रंगात केसासारखी रेघ दिसते का ते पाहावे. बटणे फिरवताना खरखर येत असेल तर ते गौण. थोडक्या खर्चात दुरुस्त होते. रंग, चकाकी, डोक्यावरील नाव, यांचा क्रम शेवटी. आज इंडोनेशियात व चीनमध्ये तयार होणाऱ्या मध्यम किमतीच्या बेस, मग त्या यामाहाच्या असोत, आयबनेझच्या किंवा कॉर्टच्या, लाकूडकाम व पडदे यांच्या दृष्टीने पूर्वीच्या महागड्या वाद्यांच्या तोडीच्या निघतात, आणि नवशिक्याने याहून अधिक रक्कम वाद्यात गुंतवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेली रक्कम ॲम्प्लिफायरसाठी राखावी. बारीक चणीच्या मुला-मुलींनी 34 इंचांचा हट्ट न धरता 30 इंची वाद्य घ्यावे. पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची होफनर त्याच मापाची होती, आणि तिच्यावर वाजलेले संगीत कोणत्याही अर्थाने आखूड नव्हते.

घरी आणलेल्या वाद्याची जुळणी, जिला मंडळी ‘सेटअप’ म्हणतात, ती मुळात ताण आणि प्रतिताण यांचा समतोल आहे. चार तारांचा मिळून ताण 80 किलोंच्या आसपास, म्हणजे एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका असतो, आणि तो अहोरात्र मानेस पुढे ओढत असतो. मानेच्या पोटात बसवलेली पोलादी सळई, म्हणजेच ट्रस रॉड, तिला मागे खेचून धरते. पहिला पडदा एका हाताने आणि शेवटचा दुसऱ्या हाताने दाबून, सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांमध्ये लग्नपत्रिकेचा जाड कागद जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे मिलिमीटरच्या तृतीयांशाएवढी, फट राहिली म्हणजे बाक योग्य. फट जास्त असेल तर किल्ली उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे, आणि तीही एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही. फिरवल्यावर तार पुन्हा सुरात घ्यावी आणि लाकडास विसावा द्यावा. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट लावण्यासाठी जे फिलर गेज असते ते येथे उत्तम उपयोगी पडते, आणि यंत्रमागाच्या जॉबरकडेही ते मिळते.

बाक जमल्यावर तारेची उंची. बाराव्या पडद्यावर जाड तार दोन ते अडीच मिलिमीटर, बारीक तार त्याहून थोडी खाली, हे सर्वसाधारण मान. हलक्या बोटाने वाजवणारा याहून खाली जाऊ शकतो, तर बँजो पार्टीत ताशाच्या शेजारी उभे राहून जोराने तार ओढणाऱ्यास उंचीच लागते, अन्यथा प्रत्येक स्वराबरोबर पडद्यांचा खणखणाट ऐकू येईल. हे मान कोणी छापील कोष्टकातून उचलू नये. हाताप्रमाणे ते ठरते. यानंतर ब्रिजवरील सॅडल मागेपुढे करून बाराव्या पडद्यावरील दाबलेला स्वर व त्याच ठिकाणी तारेस नुसता स्पर्श करून काढलेला स्वर हे एकरूप करावेत. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले व सरकवता येण्याजोगे असतात, म्हणून सतारिया पडदा हलवतो; बेसचे पडदे लाकडात ठोकलेले असल्यामुळे तारेची लांबीच हलवावी लागते, एवढाच काय तो भेद.

राहता राहिला तारांच्या खाचांचा नट, आणि त्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण स्वस्त वाद्यांतील निम्म्या तक्रारींचे मूळ तेथे असते आणि शोधले जाते भलत्या ठिकाणी. माझ्या दुसऱ्या बेसची मान उत्तम, ब्रिज उत्तम, तरी पहिल्या-दुसऱ्या पडद्यावरील स्वर चढेच लागत, आणि खुंटी फिरवताना तार ‘टिंग’ असा आवाज करून एकदम उडी मारी. मी ती घेऊन मिरजेस एका वृद्ध कारागिराकडे गेलो. भोपळ्याच्या फाकांचा ढीग, सरसाचा वास, भिंतीशी उभे असलेले रंगहीन तंबोरे, यांच्यामध्ये ते लालभडक विजेचे वाद्य मांडीवर घेताना त्यांनी काही प्रश्न विचारला नाही. मीच म्हणालो, “चाचा, तंबोऱ्यासारखं नाही हे. करंटवर चालतं.” त्यांनी उत्तर दिले नाही. तार अंगठ्याने नटाजवळ हळूच उचलून सोडली, कान जवळ नेला, पुन्हा सोडली. मग म्हणाले, “तार हितं दबलीया. खाच अरुंद हाय, आन् मागं उतार न्हाई.” डबीतून वाटाण्याच्या शेंगेएवढी एक गोल कानस काढून त्यांनी चौथ्या तारेच्या खाचेत मोजून सहा-सात हात मारले, तेही खुंट्यांच्या दिशेने उतरते, फुंकर घातली, शिसपेन्सिलीचे टोक खाचेत फिरवले, तार बसवून तिसऱ्या पडद्यावर दाबली आणि पहिल्या पडद्यापाशी खाली डोकावून पाहिले. तेथे पोस्टकार्डाच्या निम्मीही फट नव्हती, पण होती. चारही तारांस मिळून तासभर लागला. त्यांनी तासाभराची मजुरी सांगितली, मी दिली, आणि घरी येऊन तीच तार सुरात घेतली तेव्हा खुंटी लोण्यासारखी फिरली आणि पहिल्या पडद्याचा स्वर जागच्या जागी लागला. दुसऱ्या तंत्राचे वाद्य, ज्याचे कुळ-मूळ त्यांनी कधी विचारले नाही. पण तार एका टोकाला कशी टेकते आणि कशी सुटते हा प्रश्न तोच होता, आणि त्या प्रश्नावर त्यांच्या घराण्याने दीडशेहून अधिक वर्षे घालवली होती.

विजेचा विचार करताना विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावात विशेष सावधगिरी हवी. बेसचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो फेऱ्यांची केसासारखी तांब्याची तार. पोलादी तार तिच्यावर हलली की तीत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, पण त्याच तत्परतेने ती भिंतीतील वायरिंगची, पंख्याची, मोटारीची गुणगुणही टिपते. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदास 50 आवर्तने करतो. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यास जो जी स्वर मिळतो त्याची कंपने सेकंदास 49. म्हणजे ती गुणगुण कर्कश असून दूर कोठेतरी वेगळी ऐकू येते असे नसून, ती नेमकी आपल्या खर्जाच्या अंगणात येऊन बसते, आणि तो स्वर लांबवला की सेकंदाला एक अशी लाट त्यावर उठते. वादकास वाटते तार बेसूर आहे, तो खुंटी पिळतो, आणि वाद्य खरोखरच बेसूर होते. उपाय दोन. वाद्याच्या पोकळीस आतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो जमिनीच्या तारेशी जोडावा, हे काम एका दुपारचे व अल्प खर्चाचे आहे. आणि ॲम्प्लिफायरचा प्लग तीन पिनांचाच वापरून सॉकेटला खरे अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. दुसरा उपाय आवाजासाठी सांगितला, पण तो जिवासाठी अधिक महत्त्वाचा आहे. बेसच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. यात्रेच्या मांडवात तिसरी पिन मोडून दोन पिनांवर भागवण्याची जी वहिवाट पडली आहे, तीत ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाल्यास सारा दाब वादकाच्या बोटांत येतो, आणि ओठ मायक्रोफोनला लागलेला असेल तर तो देहातून आरपार जातो. या बाबतीत कोणाचीही भीड बाळगू नये. अर्थिंग नसेल तर वाजवू नये.

ध्वनिक्षेपकाविषयी एवढेच की खुल्या ई तारेची कंपने सेकंदास सुमारे 41, आणि हवेतील त्या लाटेची लांबी 27 फुटांच्या घरात जाते. घरातल्या खोलीत ती जागोजागी सारखी ऐकू येत नाही, आणि लीड गिटारच्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून ती मोठ्याने काढू पाहिल्यास त्याचा कागदी पडदा फाटतो. ज्या वाद्यांत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असतो त्यांची वायर वापरानंतर काढून ठेवावी, कारण ती खोचलेली असेपर्यंत नऊ व्होल्टचा सेल जळत राहतो.

आता फेरफार. पिकअप बदलणे, 250 किलोओहमचे पॉट काढून 500 चे घालणे, टोनचा कॅपॅसिटर बदलणे, पितळी ब्रिज चढवणे, यांची चर्चा उत्साहाने होते. यांतील प्रत्येकाने थोडाफार फरक पडतो हेही खरे. पण नव्या तारांचा संच व चांगली जुळणी यांनी जो फरक पडतो त्यापुढे तो दुय्यम आहे, असा माझा अनुभव आहे, म्हणून त्यांवर अधिक शाई खर्च करीत नाही. आमच्या गरजेतून निघणारे दोन फेरफार मात्र मला मनापासून महत्त्वाचे वाटतात.

पहिला जुळणीचा. बेसची सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवली की चार तारा खालून वर अनुक्रमे डी, ए, डी, जी होतात, आणि पांढरी दोन हा षड्ज धरला तर त्यांचा अर्थ सा, प, सा, म असा लागतो. खुल्या तारांतच तंबोरा येऊन बसतो. पण आमचे भजनी बुवा बहुधा काळी एकमध्ये गातात. म्हणून चारही तारा आणखी अर्ध्या स्वराने खाली घ्याव्यात. येथे हिशेब लक्षात ठेवला पाहिजे : तारेचा ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्धा स्वर उतरलेल्या तारा सुमारे अकरा टक्क्यांनी ढिल्या होतात, तर ई वरून काळी एकपर्यंत तीन अर्धस्वर उतरलेली जाड तार तब्बल तीस टक्क्यांनी ढिली होऊन पडद्यांवर लोळू लागते. कणकेचा नियम येथे कामास येतो. इंचाच्या हजाराव्या भागांत मोजल्या जाणाऱ्या 105 मापाच्या तारेऐवजी 125 ची तार घेतली तर तिचे वाढलेले वजन तो गेलेला ताण जवळजवळ तंतोतंत परत देते. मग नटाची ती खाच रुंद करावी लागते, सॅडल थोडे मागे न्यावे लागते, आणि मानेचा बाक पुन्हा पाहावा लागतो. म्हणजे फेरफार म्हणून सुरू केलेली गोष्ट शेवटी जुळणीपाशीच येते. पुरुषी तंबोऱ्याची काळी एकमधील खर्जाची तार सेकंदास सुमारे 69 कंपने करते. ही नवी तार तिच्याही खाली एक सप्तक, सुमारे साडेचौतीसवर बोलते.

दुसरा फेरफार पडदे काढून टाकण्याचा. ज्यांना गाण्यास, विशेषतः तंबोऱ्यावर चाललेल्या गाण्यास, साथ करावयाची आहे त्यांना पडद्यांची अचूकताच अडचणीची ठरते. जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गांधार आपोआप उमटतो, ज्यास आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो खर्जाच्या बरोबर पाचपट कंपनांचा असतो. बेसच्या पडद्यांवरील गांधार हा सप्तकाचे बारा समान भाग करून काढलेला असल्यामुळे, सप्तकाचे 1200 सूक्ष्म अंश कल्पिले तर, त्याहून 14 अंशांनी चढा असतो. काळी एकच्या तंबोऱ्यावर बेसने तो गांधार लांबवला की दोहोंच्या वरच्या स्वरांत सेकंदास पावणेतीन आंदोलने उठतात, आणि गवयाच्या कपाळावर आठी पडते ती अकारण नव्हे. पडद्यांच्या वाद्यावर याला उपाय एकच, गांधारावर थांबू नये. पडदे काढल्यास बोट त्या 14 अंशांनी मागे घेता येते.

अमेरिकेत जॅको पास्टोरियस यांनी आपल्या जॅझ बेसचे पडदे उपसून खाचा भरल्या व मानेवर इपॉक्सीचा काचेसारखा कडक थर चढवला; 1976 साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने या वाद्याची वाणीच पालटून टाकली. त्या वाणीत जो लांबत जाणारा, मधमाश्यांच्या गुंजारवासारखा सूर आहे तो कोठून येतो, हे मी प्रथम ऐकले तेव्हा मला उमगेना. पडदे असताना तार धातूच्या एका धारदार कडेवर टेकते व तेथून स्वच्छ सुटते; पडदे गेले की ती लाकडाच्या रुंद, जवळजवळ समांतर पृष्ठावर निजते, आणि कंप पावताना बोटाच्या पुढे थोड्या अंतरापर्यंत त्या पृष्ठास क्षणोक्षणी टेकत-सुटत जाते. ही तर जवारी. घोडीवरून निघून ती मानेवर आली आहे, एवढेच. म्हणून पडदे काढलेल्या बेसची जुळणी करताना मानेचा बाक पडद्यांच्या वाद्याहून कमी, जवळजवळ सरळ ठेवावा लागतो. बाक वाढला की गुंजारव विझतो, अगदी सरळ केला की तार फडफडते, आणि या दोहोंमधील जागा कानानेच सापडते.

हे काम हाती घेणाऱ्यास दोन सूचना. पडदे उपसण्याआधी त्यांस सोल्डरिंगच्या सळईने तापवावे, म्हणजे लाकडाचे कपचे निघत नाहीत. आणि खाचा मऊ लांबीने न भरता पातळ लाकडी पट्ट्यांनी भराव्यात, कारण रिकाम्या किंवा पोकळ खाचा मानेचे बळ कमी करतात. वेढ्याच्या खरबरीत तारा उघड्या लाकडास कानशीप्रमाणे खातात, म्हणून एक तर सपाट वेढ्याच्या गुळगुळीत तारा लावाव्यात, नाही तर थर चढवून घ्यावा. आपल्या एकुलत्या एका वाद्यावर मात्र हा प्रयोग करू नये.

मी तो माझ्या त्या पहिल्या, ट्रस रॉड संपलेल्या बेसवर केला. पडदे निघाल्यावर मान रंध्याने समतल करता आली, कडेला उरलेला बाक त्यात गेला, आणि ट्रस रॉडच्या नटाखाली दोन चकत्या घातल्यावर त्यालाही अर्ध्या फेऱ्याचा वाव मिळाला. आमच्याकडे वैशाखात हवा इतकी कोरडी होते की मान आक्रसून पडद्यांची टोके कडेबाहेर बोटाला टोचू लागतात. या वाद्याला टोकेच नाहीत, पण मृगाचा पाऊस लागला की तेही ओलाव्याने पुढे झुकते आणि गुंजारव एका रात्रीत बसतो. त्या दिवसांत शनिवारच्या भजनापूर्वी पखवाजी कणीक मळायला घेतो तेव्हा मी किल्ली काढतो. पाव फेरा, मग तार सुरात, मग पुन्हा कान.